माया शहरं आणि समुद्र, दोन्ही एकाच ट्रिपमध्ये: मेक्सिकोची ग्रुप टूर नीट आखायची कशी

मेक्सिकोच्या माया-प्लस-बीच टूरच्या ज्या पीडीएफ व्हॉट्सअपवर फिरत असतात त्यातली कुठलीही उघडून बघा, हॉटेल किनाऱ्यावरच्या कॅनकूनला, सगळ्या रात्री तिथेच, आणि मधेच एक दिवस चिचेन इत्झा, एक दिवस तुलुम, म्हणजे माया लोकांच्या जुन्या शहरांचे अवशेष, अशा डे ट्रिप. वाचायला सोयीचं वाटतं, बॅग एकदाच उघडायची, रोज तीच खोली. पण कॅनकून ते चिचेन इत्झा जवळजवळ २०० किलोमीटर आहे, जायला अडीच तास, यायला अडीच तास, त्यात हॉटेल हॉटेल फिरून माणसं गोळा करायची, वाटेत एक 'हस्तकला केंद्र' जिथे टूरवाल्याचं कमिशन ठरलेलं, मग बुफे. साइटवर पोचता तेव्हा अकरा वाजून गेलेले असतात, ऊन डोक्यावर आणि कॅनकूनच्या बाकी सगळ्या बसही तेव्हाच आलेल्या. परत येता रात्री, त्या दिवशी समुद्र बघायचा खिडकीतून.

माझं म्हणणं एवढंच की हे दोन भाग मिसळू नका. आधी आतल्या गावांत राहून माया शहरं बघा, सकाळी सकाळी, ताज्या डोक्याने. मग शेवटचे तीन-चार दिवस सलग किनाऱ्यावर, काहीही कार्यक्रम न ठेवता. बॅग तीनदा भरावी लागते हे खरंय. पण त्या बदल्यात जे मिळतं ते खूप आहे, पुढे सांगतोच.

आधी महिना ठरवा, तिकीट नंतर

मराठी घरातला पहिला प्रश्न म्हणजे मुलांची मे महिन्याची सुट्टी. तर मे मध्ये जाऊ नका. ही सगळी ठिकाणं ज्यात येतात त्या युकातान द्वीपकल्पात एप्रिल-मे हे सगळ्यात तापलेले महिने, आतल्या भागात पारा ३८-४० च्या घरात जातो, वर दमटपणा, आणि माया शहरांत सावली अगदी थोडी. त्यातच साधारण एप्रिल ते ऑगस्ट हा कॅरिबियन किनाऱ्यावर सारगासमचा सीझन, म्हणजे समुद्रातून वाहून येणारं तपकिरी शेवाळ, ढिगाने येतं, कुजलं की वास मारतं, आणि फोटोतलं निळं पाणी चहाच्या रंगाचं होतं. जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ, त्यात सप्टेंबर-ऑक्टोबर जास्त जोखमीचे. तेव्हा हॉटेलं स्वस्त का असतात ते त्यावरून कळेलच.

नोव्हेंबर मध्यापासून मार्चपर्यंत उत्तम. ख्रिसमस-न्यू इयर सोडा, दर दुप्पट होतात. मार्चमध्ये अमेरिकन कॉलेजची पोरं स्प्रिंग ब्रेकला येतात आणि ईस्टरच्या आठवड्यात खुद्द मेक्सिकन लोक सुट्टीवर निघतात, हे दोन्ही टाळा. डिसेंबर-जानेवारीत कधीकधी उत्तरेकडून गार वारे येतात, त्यांना तिकडे नॉर्ते म्हणतात, एक-दोन दिवस समुद्र खवळतो, फेरी बोट बंद राहू शकते, म्हणून बेटावर जायचं असेल तर एखादा दिवस हातात असू द्या.

दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरच्या शेवटी आली तर मात्र एक मस्त योग जुळतो. ३१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर युकातानमध्ये हनाल पिशान असतं, माया लोकांचा पितरांना जेवू घालायचा सण. घराघरात पान मांडलेलं, मेणबत्त्या, झेंडूची फुलं, गेलेल्या माणसाच्या आवडीचं खाणं. आपल्याकडे पितृपंधरवडा पाळणाऱ्या घरातल्या आजींना कोणी काही समजावून सांगायची गरज पडत नाही. मेरिदा शहरात त्या दिवसांत मिरवणूकही निघते. थोडा पाऊस लागण्याची तयारी ठेवा, बाकी माझं मत विचाराल तर हे तीन दिवस पकडून ट्रिप आखणं वर्थ आहे.

ग्रुप किती जणांचा

दहा ते चौदा. यापेक्षा जास्त झाले की मोठी बस लागते, आणि मोठी बस छोट्या सेनोतेच्या, म्हणजे जमिनीत उघडलेल्या पाण्याच्या डोहाच्या, कच्च्या रस्त्यावर जात नाही, वायादोलिद या आतल्या गावाच्या गल्लीत वळत नाही, रेस्टॉरंटमध्ये सगळ्यांना एका वेळी टेबल मिळत नाही. दहा-चौदा जणांना एक व्हॅन आणि एक ड्रायव्हर पुरतो. सगळ्यांच्या मोठ्या बॅगा असतील तर व्हॅनची सीट संख्या माणसांपेक्षा तीन-चारने जास्तच मागा, नाहीतर बॅगा मांडीवर.

मार्ग तीन आहेत. एक, मुंबई-पुण्यातून निघणारी ठरलेल्या तारखेची टूर, त्यात सोय असते, टूर मॅनेजर मराठी किंवा हिंदी बोलणारा, पण बहुतेक वेळा मेक्सिको हा अमेरिका किंवा लॅटिन अमेरिकेच्या मोठ्या टूरचा शेपटीचा भाग असतो आणि त्याला तीन-चार दिवसच येतात. दोन, परदेशी कंपन्यांच्या छोट्या ग्रुपच्या टूर, ज्यात तुम्ही तिथे जाऊन सामील होता, जगभरचे लोक असतात, चालणं भरपूर, जेवण बरेचदा स्वतःचं स्वतः. तीन, आपलीच दहा-बारा माणसं जमवायची आणि मेरिदा किंवा कॅनकूनच्या लोकल टूर एजन्सीकडून व्हॅन, गाइड आणि हॉटेलं बुक करून घ्यायची. मी तिसऱ्याच्या बाजूचा आहे, फक्त त्यात ग्रुपमधल्या एकाला डोकं लावावं लागतं, आणि तो एक कोण हे सुरुवातीलाच ठरवा, 'आपण सगळे मिळून बघू' म्हटलं की कोणीच बघत नाही.

व्हिसा आणि विमान

भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, यूके, जपान किंवा शेंगेन देशांपैकी कुठला व्हॅलिड मल्टिपल एंट्री व्हिसा असेल तर टूरिस्ट म्हणून मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. या देशांची परमनंट रेसिडेन्सी असली तरी चालतं. नसेल तर मेक्सिकन दूतावासाची अपॉइंटमेंट, त्याला वेळ लागतो म्हणून तिकिटाआधी ते. नियम बदलू शकतात, बुकिंगच्या आदल्या आठवड्यात दूतावासाच्या साइटवर एकदा बघाच.

विमान युरोपमधून किंवा इस्तंबूलवरून घेतलेलं सोपं. अमेरिकेतून जायचं तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, कॅनडाचंही तसंच, आणि काही युरोपियन एअरपोर्टवर भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा मागतात, त्यामुळे स्वस्त तिकीट दिसलं म्हणून लगेच क्लिक करू नका. दुबईवरून जात असाल तर खसखस बॅगेत नको, तिथे बंदी आहे. ई-सिगारेट मेक्सिकोत नेता येत नाही.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना हे सगळं फार जवळ पडतं, ह्यूस्टन-डॅलसवरून कॅनकून दोन-अडीच तासांचं विमान. पण एच-वन-बी वाल्यांनी एक लक्षात ठेवा, पासपोर्टमधला अमेरिकन व्हिसा स्टँप संपलेला असेल तर नुसत्या अप्रूव्हल नोटिसवर मेक्सिकोची ती व्हिसा-माफी चालत नाही, आणि परत अमेरिकेत शिरायचा प्रश्न वेगळाच, तो आधी वकिलाला विचारा. भारतातून मुलांकडे आलेल्या आई-बाबांकडे मल्टिपल एंट्री व्हिजिटर व्हिसा असतो, त्यावर ते आरामात येऊ शकतात. फक्त ते बहुतेक मे ते सप्टेंबर येतात, म्हणजे नेमके नको त्या महिन्यांत. जमलं तर त्यांची फेरी हिवाळ्यात ओढा.

कुठली शहरं बघायची आणि कुठली सोडायची

चारच्या वर जाऊ नका. पाचव्या पिरॅमिडपर्यंत निम्मा ग्रुप गाडीतच बसून राहतो.

चिचेन इत्झा तर हवंच, त्यावर वेगळं लिहितो. दुसरं उश्माल, मेरिदापासून ८० किलोमीटर दक्षिणेला, आणि खरं सांगायचं तर मला चिचेन इत्झापेक्षा उश्माल जास्त सुंदर वाटतं. गर्दी बरीच कमी, जादूगाराचा पिरॅमिड म्हणतात तो कोपरे गोलाकार असलेला, त्याची दंतकथा अशी की एका बुटक्याने तो एका रात्रीत बांधला. समोर चार इमारतींनी वेढलेला मोठा चौक, आणि पुढे गव्हर्नरचा राजवाडा, त्याची जवळजवळ १०० मीटर लांब दर्शनी भिंत कोरीव दगडांच्या तुकड्यांनी भरलेली. जागोजागी चाक नावाच्या पर्जन्यदेवाचे लांब वाकड्या नाकाचे मुखवटे. या भागात नदी नाही, सेनोतेही जवळपास नाहीत, म्हणून लोकांनी जमिनीत हौद कोरून पावसाचं पाणी साठवलं, त्याला चुल्तुन म्हणतात. गडावरची पाण्याची टाकी बघितलेल्या माणसाला तिथे पोचल्या पोचल्या कळतं की हे शहर कशावर जगत होतं आणि पर्जन्यदेवाचे एवढे मुखवटे कशाला.

तिसरं 'एक बलाम' (यातला 'एक' नावाचाच भाग), वायादोलिदच्या उत्तरेला पाऊण तासाच्या आत. छोटी साइट, पण तिथल्या अक्रोपोलिस म्हणतात त्या मोठ्या इमारतीवर उकित कान लेक तोक या राजाची समाधी आहे, तिचं दार म्हणजे एका राक्षसाचा दात विचकलेला जबडा, आणि आजूबाजूला चुन्याच्या गिलाव्यात घडवलेल्या आकृत्या इतक्या शाबूत की नवीन वाटाव्यात. चौथं तुलुम. अवशेष म्हणून तुलुम छोटंच, उशिराच्या काळातलं, तटबंदीचं व्यापारी बंदर, पण खाली निळा समुद्र आणि कड्यावर देऊळ हे दृश्य दुसरीकडे नाही. सकाळी ८ ला गेटवर असाल तरच जा.

कोबा पर्यायी. जंगलात पसरलेलं, नोहोच मुल हा ४२ मीटरचा पिरॅमिड गेटपासून बराच आत आहे, पण भाड्याची सायकल मिळते आणि ज्यांना नको त्यांना सायकलरिक्षा, पुढे बसायचं, मागून तो चालवतो, ज्येष्ठ मंडळी एकदम खूश. पूर्वी बहुतेक ठिकाणी वर चढता यायचं, आता चिचेन इत्झा आणि तुलुमला चढायला बंदी आहे, एक बलाम आणि कोबाचे नियम बदलत राहतात, जाण्याआधी विचारून घ्या. चढायची फारच हौस असेल तर मेरिदाच्या वाटेवर इसामाल नावाचं सगळी घरं पिवळी रंगवलेलं गाव आहे, तिथे गावाच्या मधोमध किनिच काकमो हा भलामोठा पिरॅमिड आहे, प्रवेश फुकट.

पालेंके आणि कालाकमुल ही लांबची माया शहरं या ट्रिपमध्ये कोंबू नका. पालेंके चियापास राज्यात, मेरिदापासून गाडीने पूर्ण दिवस. पाकाल राजाची समाधी १९५२ मध्ये तिथे सापडली, जागा अप्रतिम आहे, पण तिच्यासाठी वेगळी ट्रिप करा.

रूट, ११ रात्रींचा

कॅनकूनला उतरलात की तिथे राहू नका, विमान दुपारपर्यंत पोचत असेल तर सरळ गाडीत बसून वायादोलिद, दोन-सव्वादोन तास. रात्री पोचत असाल तर एअरपोर्टजवळ एक रात्र झोपा आणि सकाळी निघा. वायादोलिदला तीन रात्री. पहिला पूर्ण दिवस हलका ठेवा, सकाळी एक बलाम, दुपारी झोप, कारण जेट लॅग कोणाला सुटत नाही, संध्याकाळी चौकात बाकावर बसून मक्याचं कणीस. दुसऱ्या दिवशी चिचेन इत्झा, ४५ किलोमीटर, आणि दुपारी सेनोते.

चौथ्या दिवशी इसामालवरून मेरिदा, तिथे तीन रात्री. एक दिवस उश्माल. उश्मालच्या गेटसमोरच चॉकलेटचं म्युझियम आहे, मुलांना ते पिरॅमिडपेक्षा जास्त आवडतं आणि त्यात काही वाईट नाही, कोको हा माया लोकांचाच तर मामला. दुसरा दिवस मेरिदात मोकळा, माया जगाचं मोठं म्युझियम आहे, लुकास दे गाल्वेस बाजार आहे, किंवा ज्यांना पक्षी बघायचेत त्यांनी सेलेस्तुनला फ्लेमिंगो बघायला जावं.

सातव्या दिवशी लांबचा प्रवास, मेरिदा ते तुलुम, चार तास धरा, वाटेत कोबाला थांबता येतं. तुलुमला दोन रात्री, सकाळी अवशेष, बाकी आराम. नवव्या दिवशी कॅनकूनच्या पुएर्तो हुआरेस धक्क्यावरून फेरी, वीसेक मिनिटं, आणि इस्ला मुहेरेस बेटावर तीन रात्री. तिथून थेट एअरपोर्ट.

आठवडाच हातात असेल तर मेरिदा आणि उश्माल गाळा, वायादोलिद दोन रात्री आणि बाकी किनारा. मनाला लागेल, पण धावपळ करून सगळं बघण्यापेक्षा बरं.

माया ट्रेनचं लोक विचारतात. डिसेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली, कॅनकून-वायादोलिद-चिचेन इत्झा-मेरिदा असा मार्ग आहे. हौस म्हणून एखादा टप्पा करा, पण स्टेशनं बरेचदा गावाबाहेर आहेत, बॅगांसकट बारा जणांना स्टेशन ते हॉटेल पुन्हा टॅक्सी, त्यामुळे ग्रुपला व्हॅनच सोयीची. दोघं-चौघं असाल तर आडो कंपनीच्या एसी बस झकास आहेत.

चिचेन इत्झाची सकाळ

गेट ८ ला उघडतं. वायादोलिदहून ७ ला निघायचं, म्हणजे ग्रुपला साडेसहा सांगायचं. कॅनकूनच्या बस यायच्या आत तुम्हाला दोन-अडीच तास मिळतात, आणि या अडीच तासांसाठीच वायादोलिदला राहायचं. रविवार टाळा, मेक्सिकन नागरिकांना त्या दिवशी प्रवेश फुकट असतो, गर्दी उसळते.

तिकिटं दोन असतात, एक केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याचं आणि एक राज्याचं, दोन्ही मिळून परदेशी माणसाला ६०० पेसोच्या वर जातात आणि दरवर्षी वाढतात. टूरच्या कोटेशनमध्ये 'एंट्री इन्क्लुडेड' लिहिलंय ते दोन्हीचं का, हे विचारा. ड्रोनला बंदी आहे, ट्रायपॉडला परवानगी लागते.

गाइड घ्याच. परवाना असलेले गाइड गेटवर मिळतात, दर आधी ठरवा, दहा-बारा जणांत वाटला की डोक्यावर फार येत नाही. जो गाइड 'माया लोक गूढरीत्या गायब झाले' अशी सुरुवात करतो तो बदला. माया कुठेही गेलेले नाहीत, मेक्सिकोत २०२० च्या जनगणनेत युकातेक माया बोलणारे पावणेआठ लाखांच्या आसपास होते, तुमचा ड्रायव्हरही बहुतेक त्यांच्यातलाच असेल. जेवण झाल्यावर त्याला 'दिओस बोओतिक' म्हणून बघा, म्हणजे थँक्यू, चेहरा खुलतो.

आत शिरल्यावर सरळ एल कास्तियोकडे, म्हणजे कुकुलकान या सर्पदेवाच्या पिरॅमिडकडे. चारही बाजूंना ९१ पायऱ्या, वरचा चौथरा धरून ३६५, वर्षाचे दिवस. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांना दुपारी उलटता उत्तरेच्या कठड्यावर सावल्यांचा साप उतरतो, खाली दगडी डोकं असतंच. त्या दिवशी हजारोंनी लोक येतात, दोन-चार दिवस मागेपुढेही तो परिणाम बराचसा दिसतो, तेव्हा जा. पायऱ्यांसमोर उभं राहून टाळी वाजवा, प्रतिध्वनी पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा येतो. या पिरॅमिडच्या पोटात दुसरा जुना पिरॅमिड आहे, आणि त्याच्याही आत तिसरा असल्याचं २०१६ मध्ये मेक्सिकन संशोधकांनी जाहीर केलं.

तिथून चेंडूच्या मैदानाकडे, जवळजवळ १६८ मीटर लांब, मेसोअमेरिकेतलं, म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जुन्या संस्कृतींच्या प्रदेशातलं, सगळ्यात मोठं. भिंतीवर उंचावर दगडी कडी आहेत, आणि खालच्या पट्ट्यात शिरच्छेद झालेल्या खेळाडूच्या मानेतून साप फुटलेले कोरलेत. जिंकणाऱ्याचं डोकं उडवायचे की हरणाऱ्याचं यावर गाइड हमखास वाद घालतील, ऐकून घ्या आणि पुढे चला. मग कवट्यांचा ओटा, योद्ध्यांचं देऊळ, पवित्र सेनोते. दक्षिणेला काराकोल, गोल मनोऱ्याची वेधशाळा, तिकडे बस टूरवाले वेळ नाही म्हणून जातच नाहीत, तुम्ही जा. माया लोकांचं शून्य, वीसच्या पटीतली मोजणी, शुक्राचा हिशोब हे सगळं गाइडकडून तिथे ऐका, गणितावर प्रेम असलेला एखादा काका ग्रुपमध्ये असतोच, त्याला पुढे करा.

आणखी एक, माया बांधकामात दारावरच्या तुळया चिकूच्या लाकडाच्या असायच्या, आणि हजार वर्षं टिकलेल्या आहेत. चिकू मूळचा तिकडचाच, त्याच्या चिकापासून च्युइंगम बनायचं. घोलवड-डहाणूवाल्यांनी नोंद घ्यावी.

साडेदहा-अकराला बाहेर पडा. विक्रेते वाटभर असतात, जग्वारचा आवाज काढणाऱ्या शिट्ट्या वाजवत, घासाघीस चालते, हसत हसत करा.

सेनोते

युकातानची जमीन चुनखडीची, वर नद्याच नाहीत, पाणी सगळं खाली. छत कोसळलं की सेनोते उघडतो. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी डायनासोर संपवणारी उल्का याच भागात, चिक्शुलुबला पडली, आणि तिच्या विवराच्या कडेकडेने सेनोतेंची एक कमानच्या कमान आहे.

चिचेन इत्झाजवळ इक किल प्रसिद्ध, पाणी जमिनीखाली २६ मीटरवर, वरून वेली लोंबतायत, पण दुपारी फार गर्दी. वायादोलिदजवळ सामुला आणि श्केकेन जोडीने आहेत, गावातच साकी आहे. आपल्याकडच्या ग्रुपमध्ये निम्म्यांना पोहता येत नाही, काही अडत नाही, लाइफ जॅकेट मिळतं, धरायला दोर असतो. पण पाणी खोल असतं आणि पायऱ्या निसरड्या, त्यामुळे ज्येष्ठांसोबत एकेक माणूस ठरवून द्या. आधी शॉवर घ्यावा लागतो, सनस्क्रीन, मच्छर क्रीम, खोबरेल तेल काही लावून उतरायचं नाही, तेच पाणी सगळा प्रदेश पितो. सुती कपडे पाण्यात जड होतात, नायलॉनचा टॉप आणि लेगिंग उत्तम, कोणी बघत नाही.

किनारा कुठला

ग्रुपमध्ये आजी-आजोबा आणि न पोहणारे असतील तर इस्ला मुहेरेसचा प्लाया नोर्ते, बेटाच्या उत्तर टोकाला, पाणी शांत, बरंच आत गेलं तरी कंबरभर, आणि सारगासमही इतर किनाऱ्यांपेक्षा साधारण कमी येतं. बेटावर गोल्फ कार्ट भाड्याने मिळते, चालवणाऱ्याचं लायसन्स सोबत ठेवा. दक्षिण टोकाला इश्चेल देवीच्या देवळाचे थोडे अवशेष आहेत, पहाटे तिथे जाऊन सूर्योदय बघण्यासारखा आहे. समुद्राखाली पुतळ्यांचं म्युझियमही आहे, स्नॉर्केल करता येत असेल तर.

होल्बोश बेट जास्त निवांत, वाळूचे रस्ते, गाड्या जवळजवळ नाहीत, जून ते सप्टेंबर मध्यापर्यंत व्हेल शार्क, पण मच्छर चावून जीव नकोसा करतात आणि जायला वेळ लागतो. कोसुमेल प्रवाळ आणि डायव्हिंगवाल्यांसाठी. तुलुमचा बीच सुंदर आहे पण आता फार महाग झालाय, बीच क्लबमध्ये अमुक एवढं खाल्लंच पाहिजे असा हिशोब. कायद्याने मेक्सिकोत किनारा सगळ्यांचा आहे, तरी तिथपर्यंत जायची वाट शोधावी लागते.

कॅनकूनच्या ऑल इन्क्लुसिव्ह हॉटेलांची मी टिंगल करणार नाही, लहान मुलं असतील तर तो सोपा कारभार आहे, फक्त तिथल्या उघड्या समुद्राला ओढ जोरात असते, लाल किंवा काळा झेंडा असेल तर पाण्यात पाय नको.

आणि किनाऱ्याच्या दिवसांत खरंच काही ठेवू नका. ग्रुप लीडरला हे फार जड जातं, हात शिवशिवतात, अजून एक बोट ट्रिप घालू का म्हणून. नका घालू.

शाकाहारी मंडळींचं काय

उपाशी राहत नाही कोणी, पण सावध राहावं लागतं. काळ्या घेवड्याची उसळ दिसायला शाकाहारी, पण बरेचदा डुकराच्या चरबीत केलेली असते, तांदूळ कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला, आणि सोपा दे लिमा हे लिंबाचं सूप म्हणजे चिकन सूपच. एका कागदावर लिहून ठेवा आणि दाखवा: सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मान्तेका. मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत, चरबी नको. नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं तर मासे येऊ शकतात.

बिनधास्त खाण्यासारखं म्हणजे भोपळ्याच्या बिया आणि टोमॅटोची सिकिल पाक ही चटणी, मक्याच्या गरम तोर्तिया, ग्वाकामोले, भाजलेलं कणीस, चाया नावाच्या पानांचं सरबत. रात्री गाडीवर मार्केसिता मिळते, कुरकुरीत गुंडाळीत किसलेलं चीज, अंडं न खाणाऱ्यांनी पिठाचं विचारून घ्यावं. अंडं चालत असेल तर पापाद्सुलेस, बियांच्या सॉसमध्ये बुडवलेल्या अंड्याच्या तोर्तिया. मांसाहारींसाठी कोचिनिता पिबिल, आंबट संत्र्यात मुरवून भट्टीत शिजवलेलं डुकराचं मांस, मेरिदाच्या बाजारात सकाळीच खावं, दुपारपर्यंत संपतं. हबनेरोची चटणी ठेचा खाणाऱ्यांनीही आधी थेंबभर चाखावी.

जैन मंडळींना कांदा-लसूण टाळणं बाहेर अवघड, त्यांच्यासाठी मेरिदात किचन असलेलं घर भाड्याने घ्या. घरून खाकरा, मेतकूट, लसणीशिवायच्या चटण्या, पाकीटबंद न्या. ताजी फळं आणि बिया नेऊ नका, कस्टममध्ये काढून घेतात. प्यायला बाटलीचं पाणीच, नळाचं नाही.

पैसे आणि टूरवाल्याला विचारायचं ते

पेसो साधारण पाच रुपयांच्या आसपास असतो. व्यवहार पेसोतच करा, डॉलर घेतात पण आपल्या तोट्याच्या भावाने. एटीएम 'आमच्या दराने कन्व्हर्ट करू का' विचारतं, त्याला नको म्हणा. रेस्टॉरंटमध्ये १० ते १५ टक्के टिप असते, बिलात आधीच लावलीय का बघा. गाइड आणि ड्रायव्हरच्या टिपचा एक डबा पहिल्या दिवशी काढा, रोज वर्गणी मागत फिरायला नको. किंताना रो राज्य, म्हणजे कॅनकून-तुलुमचा भाग, पर्यटकांकडून विसिटॅक्स नावाचा कर घेतं, तो सरकारी साइटवरच भरा, हुबेहूब दिसणाऱ्या साइट जास्त पैसे घेतात.

कोटेशन आलं की विचारा: चिचेन इत्झाच्या गेटवर आपण किती वाजता? हे लेखी घ्या, निम्मी टूर या एका उत्तरात कळते. कॅनकूनला किती रात्री? खरेदीचे थांबे किती, आणि ते काढले तर किंमत वाढते का? व्हेज जेवण म्हणजे नक्की काय? वादळामुळे फेरी किंवा विमान रद्द झालं तर पैसे कसे परत? एकट्या माणसाच्या खोलीचं जादा किती? टीसीएस, म्हणजे परदेशी टूरवर आगाऊ घेतला जाणारा कर, धरलाय का वेगळा?

बारीकसारीक

वीज १२७ व्होल्टची, दोन चपट्या पिनांचा प्लग. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर चालतात, आपली २३० व्होल्टची किटली नीट तापत नाही. जेट स्प्रे नसतो, पाण्याचा मग सोबत न्या, हसू नका. छोट्या ठिकाणी टॉयलेट पेपर फ्लश न करता बाजूच्या डब्यात टाकायची पाटी असते. टोपी, लांब बाह्यांचा पातळ शर्ट, मच्छर क्रीम, पाण्यात चालणाऱ्या सँडल.

घड्याळाचं मात्र सगळ्यांना सांगा. वायादोलिद-मेरिदा युकातान राज्यात आहेत आणि कॅनकून-तुलुम त्यांच्या एक तास पुढे. कॅनकूनहून वायादोलिदला येताना तास मिळतो, मेरिदाहून तुलुमला जाताना तो जातो, आणि सगळे फोन आपोआप बदलतातच असं नाही. परतीच्या विमानाची वेळ कॅनकूनची असते. शेवटच्या सकाळी बेटावरून निघायला विमानाच्या किमान पाच तास आधीची फेरी पकडा, आणि तिकिटावरचा टर्मिनल नंबर आदल्या रात्रीच ड्रायव्हरला पाठवून ठेवा, तिथले टर्मिनल एकमेकांपासून लांब आहेत.